तीन बाइटांचा रकाना

दादा, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. रडून झालं, पण चिडणं काही संपत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन की, बोलायला कितीतरी आहे. पण आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत, आपल्या खोलीत मी एकटी आहे, टेबलावर एक फाईल उघडी पडली आहे आणि तिच्यात तुमचं नाव अडकलंय. उद्या अकरा वाजता ती भटनागर साहेबांकडे द्यायची आहे. त्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला पेन उचलवत नाही.

परवा वहिनींकडे जाऊन आले. आर. के. पुरमचं तेच क्वार्टर, तीच तुमची वेताची खुर्ची, तिच्या पाठीवर तुमचा राखाडी स्वेटर अजून तसाच. वहिनींनी चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या राहूनच विचारलं, "शुभदा, कसला गं नंबर? शेवटच्या दिवशीसुद्धा विचारत होते, शुभदाने नंबर पाहिला का, नंबर पाहिला का. मी म्हटलं बघेल हो ती, तुम्ही पडून राहा."

मी म्हणाले, "ऑफिसचं काहीतरी होतं, वहिनी." आणि चहात तोंड घातलं. चहा कढत होता, जीभ भाजली. बरं झालं, डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

वहिनींना सांगायला मला जमलं नाही, ते तुम्हाला सांगते. तुम्हाला तर सगळं माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

चौदा वर्षं झाली मला ह्या खोलीत येऊन. तेव्हा मी कॉन्ट्रॅक्टवर होते, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वाढलेली, अर्धं वाक्य हिंदीत आणि उरलेलं इंग्रजीत बोलणारी मराठी मुलगी. तुम्ही नगरचे, पंचवीस वर्षं दिल्लीत काढूनही नगरचेच राहिलेले. मी पहिल्या दिवशी म्हणाले, "सर, ये कॉलम छोटा कर दूँ?" तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "कुठली तू? आडनाव तर आपल्याकडचं दिसतंय. मग रकाना म्हण की." मी म्हटलं, रकाना काय असतं? तुम्ही कपाळाला हात लावलात. त्या दिवसापासून मी तुम्हाला दादा म्हणायला लागले आणि तुम्ही मला शुभे. बाकीचं ऑफिस आपल्याकडे बघत राहायचं, ये दोनों किस भाषा में झगड़ते हैं म्हणून.

झगडायचो तर आपण रोजच. पण तो एक झगडा मला शब्दाशब्दासकट आठवतो.

दिल्लीतल्या सरकारी दवाखान्यांमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, त्यांची नोंद ठेवायचं काम आपल्याकडे नवीनच आलं होतं. दोन टेबलं, म्हणजे नोंदींचे दोन तक्ते, लागणार होती. एकात प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक, आपोआप एकेकाने वाढत जाणारा. दुसऱ्यात त्या नमुन्याचे रिपोर्ट, आणि प्रत्येक रिपोर्टच्या ओळीत तोच क्रमांक पुन्हा, म्हणजे कुठला रिपोर्ट कुणाचा ते कळावं. सर्व्हरची डिस्क जुनी, भरत आलेली, आणि नवीन डिस्कची फाईल कुणाच्या तरी टेबलावर झोपलेली. तुम्हीच म्हणालात, शुभे, जागा वाचव.

जागा कशी वाचवायची तेही तुम्हीच शिकवलंत. मला वाटायचं, छोटा आकडा छोटी जागा घेतो आणि मोठा आकडा मोठी. तुम्ही आपला जेवणाचा डबा समोर ठेवलात. "ह्यात घासभर भात ठेव नाहीतर गच्च भर, डबा पिशवीत जागा तेवढीच अडवणार. रकान्याचं तसंच. माप आधी ठरतं, मग आत शून्य असो की लाख." एका बाइटाचा घेतला तर दोनशे पंचावन्नपर्यंत मोजतो. दोनाचा पासष्ट हजारांच्या पुढे थोडासा. तीनाचा एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे पंधरा. चाराचा चारशे कोटींच्याही पार जातो. मी तो तीनाचा आकडा तेव्हाच पाठ केला. काय सांगू, मला तो फार आवडला होता.

आणि मग मला हुक्की आली. मी भराभर कातरी चालवली. वयाला एक बाइट, दवाखान्याच्या क्रमांकाला दोन. नमुन्याच्या टेबलातला क्रमांक मी चार बाइटांचा ठेवला, पण रिपोर्टच्या टेबलात त्याच क्रमांकाला तीनच दिले. एका नमुन्याच्या वीस-पंचवीस ओळी होतात, प्रत्येक ओळीमागे एक बाइट वाचतो, शोधसूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, आणखी एक. मी हिशोब मांडून तुमच्यासमोर नाचवला.

तुम्ही म्हणालात, "दोन टेबलांच्या जोडाच्या दोन्ही बाजू एका मापाच्या हव्यात. एक चाराचा आणि एक तीनाचा, हे मला चालणार नाही."

"पण दादा, दिवसाला हजार नमुने येतात. पन्नास वर्षं पुरेल हे!"

"आणि पुरलं नाही तर?"

"तोपर्यंत आपण दोघंही रिटायर झालेलो असू, यार!"

यार म्हणाले मी तुम्हाला. तुम्ही हसलात आणि तिथेच हरलात. तुम्ही मला जिंकू का दिलंत, हा माझा राग आहे. तुम्ही वरिष्ठ होतात. नाही म्हणजे नाही, एवढं म्हणून विषय संपवता आला असता. पण तुम्ही म्हणालात, "टेबल तुझं आहे, शुभे. तुला पटेल तसं कर." डिझाइनच्या कागदावर सही मात्र तुमची. कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नावं कागदावर येत नाहीत, ही आपल्याकडची रीतच. काम आम्ही करायचं, सही कायम नोकरीवाल्याने. तेव्हा मला त्याचा इतका राग यायचा. माझी हुशारी, आणि खाली सही सु. द. आल्हाट!

त्यानंतर दरवर्षी जानेवारीत पहिल्या कामाच्या दिवशी तुमचं ते ठरलेलं. लोखंडी कपाटाचं दार उघडायचं, दाराच्या आतून चिकटवलेल्या कागदासमोर पेन्सिल घेऊन उभं राहायचं आणि मला म्हणायचं, "शुभे, नंबर सांग." मी मशीनवर पाहून शेवटचा क्रमांक ओरडायचे, तुम्ही वर्षासमोर लिहायचात. मुलांची उंची भिंतीवर खुणा करून ठेवतात ना, तसं. कागदाच्या तळाशी तुम्ही लाल रेघ मारून तो मोठा आकडा लिहिला होता, आणि शेजारी: ह्याच्या आधी बदलणे.

मी चेष्टा करायचे. काय दादा, पंचांग मांडलंत का? मग गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद, गाझियाबादचे दवाखाने आपल्याला जोडले गेले आणि आकडे पळायला लागले. तुम्ही म्हणायचात, आता बदल. मी कायम झाले होते, टेबल खरोखरच माझं झालं होतं, आणि बदलायचं तर सगळे दवाखाने अर्धा दिवस बंद ठेवायला लागणार, त्याची परवानगी, त्याची मीटिंग. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी बिल्कुल. तुम्ही तोंड वाकडं करून दार लावायचात.

ह्या जानेवारीत तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. कपाटाचं दार कुणी उघडलं नाही.

तुम्ही जाण्याच्या पंधरा-सोळा दिवस आधी तुमचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही. "शुभे, नंबर कुठपर्यंत आलाय बघ." माझ्यापुढे दुसरंच काहीतरी पेटलेलं होतं, खोलीत चार माणसं उभी होती. मी खेकसले. "दादा, आराम करा हो! ऑफिस तुमच्याशिवाय चालतंय." तुम्ही म्हणालात, "बरं बाई." तुमच्या-माझ्यातलं ते शेवटचं बोलणं. चौदा वर्षांत इतकं बोललो, आणि शेवटी माझ्या वाट्याला बरं बाई.

मी नंबर पाहिला नाही, दादा. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ख्रिस्ती कबरस्तानात तुमच्यावर मूठभर माती टाकली तेव्हाही मला तो आठवला नाही. आपली पाच-सहा मराठी माणसं प्रार्थनेचं गाणं म्हणत होती, ऑफिसचे लोक हात बांधून मागे उभे होते, भटनागर साहेब डोळे पुसून म्हणाले, "बहुत सीधे आदमी थे." मला एवढंच वाटत होतं की आता घरी जाऊन झोपावं.

नवव्या दिवशी दुपारी तो आकडा भरला.

काही आवाज झाला नाही. मशीन थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आपला जुना सर्व्हर कसा लावलेला आहे तुम्हाला माहीत आहे, मापात न मावणारा आकडा आला तर तो अडत नाही, मापात मावेल तो सगळ्यांत मोठा आकडा लिहून पुढे जातो. नमुन्यांचे क्रमांक पुढे गेले. रिपोर्ट मात्र सगळेच्या सगळे एकाच क्रमांकावर जाऊन बसायला लागले. एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे पंधरा. चार दिवसांत बावीसेक हजार नमुन्यांचे रिपोर्ट, एकाच बाईच्या नावावर.

चौथ्या दिवशी लक्ष्मीबाई नगरच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. "मैडम, ये आपका सिस्टम क्या कर रहा है? एक ही माताजी की शुगर नब्बे भी है, तीन सौ चालीस भी है, और ये प्रेगनेंसी का टेस्ट भी पॉज़िटिव दिखा रहा है!" मी हसले, दादा. खरंच हसले. मग त्यांनी क्रमांक वाचून दाखवायला सुरुवात केली. ते एक कोटी सदुसष्ट लाख म्हणाले. पुढचा आकडा त्यांच्याआधी मीच म्हणाले.

"आपको कैसे पता?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या माताजींना आदल्या दिवशी काउंटरवर वरचा कागद छापून दिला गेला होता. तीनशे चाळीस साखरेचा. दुसऱ्याच कुणाचा. डॉक्टरांच्या जागी त्या दिवशी बदलीवर आलेल्या बाई होत्या, त्यांनी कागद पाहून गोळी दुप्पट केली. सकाळी माताजी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. कपाळाला चार टाके.

त्या दिवशी मी सगळे दवाखाने बंद ठेवायला लावले. मीटिंग नाही, परवानगी नाही, फोनवर ओरडून. रकाना तीनाचा चार केला. मग प्रयोगशाळांच्या यंत्रांतून निघालेल्या छापील पट्ट्या मागवल्या आणि दोन दिवस सगळ्या दवाखान्यांच्या माणसांसकट बसून एकेक रिपोर्ट आपापल्या माणसाकडे परत पाठवला. शनिवारी त्या माताजींकडे गेले. आमच्या जुन्या ब्लॉकपासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. कपाळाला पट्टी, तरी माझ्यापुढे खायला मठरी ठेवली. "मशीन की गलती थी बेटा, तू क्यों रो रही है?" मठरी हातातच राहिली.

आणि आज सकाळी भटनागर साहेबांनी बोलावलं. चौकशी लागली आहे, लागणारच होती. त्यांच्यापुढे तो चौदा वर्षांपूर्वीचा डिझाइनचा कागद. "लेकिन शुभदा जी, यहाँ तो ब्रैकेट में ग्यारह लिखा है. ग्यारह अंक आने चाहिए थे न?" मी म्हटलं, "सर, तो आकडा..." मराठीतच सुरू झाले, बघा. मग हिंदीत सांगितलं की मापापुढच्या कंसातला आकडा पडद्यावर दाखवण्यापुरता असतो, त्याने माप बदलत नाही. ते हो हो म्हणाले. त्यांना ते कळून घ्यायचंच नव्हतं. त्यांनी बोट खाली नेलं, सहीवर.

"डिज़ाइन तो आल्हाट जी का था. बस इतना लिख दीजिए. वो तो अब चले गए, उनका कोई क्या बिगाड़ेगा? आपका प्रमोशन का केस भी ऊपर गया हुआ है. समझदारी से काम लीजिए."

मी "जी सर" म्हणून बाहेर आले. हो दादा, म्हणाले मी जी सर. जिन्यात उभी राहून विचार केला, खरंच, तुमचं काय बिघडणार आहे? वहिनींना कोण सांगायला जाणार आहे? दोन ओळी लिहायच्या. सही तुमची आहे, खोटंही ठरत नाही. मी हा विचार केला, तो तुमच्यापासून लपवत नाही.

मग खोलीत येऊन कपाट उघडलं. तो कागद. तेरा ओळी तुमच्या बारीक अक्षरातल्या, खाली लाल रेघ. मला वाटलं, हा न्यावा साहेबांसमोर आणि आपटावा. बघा, हा माणूस दरवर्षी मोजत होता! पण लगेच लक्षात आलं, साहेब काय म्हणतील. देखा, इनको सब पता था, फिर भी नहीं बदला. तुमची सगळी काळजी तुमच्याच गळ्यात येईल. तुम्ही कुणाला सांगत होतात, कोण पुढच्या वर्षी म्हणत होतं, हे त्या कागदावर कुठेच नाही. तुम्ही माझं नाव तिथेही लिहिलं नाहीत. इतकं कशाला सांभाळायचं कुणाला, दादा? एकदा ओरडला असतात तर!

फाईल अजून उघडीच आहे. वॉचमन दोनदा डोकावून गेला. घरी जाते.

कालचं बोलणं इथेच तुटलं होतं. आता दुपारचा एक वाजलाय.

सकाळी दहाला आले आणि बसून टिपणी लिहिली. हिंदीतच लिहावी लागली, तुम्ही असतात तर माझी मात्रा सुधारली असतीत. "उक्त कॉलम का माप मैंने तय किया था. स्व. आल्हाट जी ने उसी समय विरोध किया था. उसके बाद हर वर्ष उन्होंने मुझे इसे बदलने को कहा. न बदलने का निर्णय मेरा था." त्याला तुमच्या कागदाची झेरॉक्स जोडली आणि खाली लिहिलं, हे आकडे त्यांना दरवर्षी मी वाचून दाखवत होते.

भटनागर साहेबांनी दोनदा वाचलं. "ये आपने क्या कर दिया, शुभदा जी?"

"जो हुआ था वही लिखा है, सर."

"उस वक़्त आप कॉन्ट्रैक्ट पे थीं. आपसे तो कोई पूछता भी नहीं."

"इसीलिए लिखा है."

त्यांनी फाईल बंद केली. "प्रमोशन तो अब भूल ही जाइए." मी अच्छा सर म्हणाले. चौकशीत पुढे काय होईल ठाऊक नाही. नोकरीवर येईल असं वाटत नाही, पण माझ्या वाटण्यावर माझाच आता भरवसा राहिलेला नाही. संध्याकाळी वहिनींकडे जाणार आहे. त्यांना तो कसला नंबर होता ते सांगणार आहे, सगळं, फोनसकट.

तुम्ही फोन केलात त्या दिवशीचा नंबर मी नंतर काढून पाहिला. एक कोटी सहासष्ट लाख साठ हजार. कामाचे एकवीस दिवस हातात होते, दादा. रकाना बदलायला अर्धा दिवस लागला.

साहेबांकडून परत आल्यावर मी कपाटाचं दार उघडलं. पेन्सिल तुम्ही ठेवता तिथेच होती, कडीला दोऱ्याने बांधलेली. मशीनवर पाहिलं आणि एकटीनेच मोठ्याने म्हटलं, एक कोटी अडुसष्ट लाख बावीस हजार सहाशे चार. मग रिपोर्टचं टेबल उघडून शेवटची ओळ पाहिली. तिथेही तोच आकडा होता. दोन्ही बाजू एका मापाच्या झाल्यात, दादा. लाल रेघेच्या खाली जेमतेम बोटभर जागा होती. तिथे मी तो आकडा लिहिला, आणि पुढे माझी सही केली.